लॅन्सेटमधला अभ्यास बातमीत घेण्याआधी कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जिल्ह्याच्या दैनिकात आरोग्याचं पान लावताना वृत्तसंस्थेकडून "लॅन्सेटचा अहवाल" म्हणून मजकूर येतो. मूळ लेख उघडला तर दहा-बारा पानं, तक्ते आणि संख्याशास्त्र. डॉक्टर नसलेल्या माणसानं त्यात काय बघायचं, कोणत्या क्रमानं, आणि लॅन्सेट या नावावर किती विसंबायचं?

आधी नावाचं बघू. "लॅन्सेटनं म्हटलं आहे" हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. टॉमस वेकली या सर्जननं १८२३ साली लंडनमध्ये सुरू केलेलं हे वैद्यकीय साप्ताहिक आहे. त्यात मूळ संशोधन असतं, तसंच संपादकीय, वाचकांची पत्रं, पाहुण्या तज्ज्ञांच्या टिप्पण्या, देशोदेशीची वार्तापत्रं आणि आढावा लेखही असतात. म्हणून लेख उघडल्यावर शीर्षकाच्याही आधी त्याच्या वर छापलेला प्रकार वाचायचा. 'आर्टिकल्स' असेल तर ते मूळ संशोधन, बाहेरच्या तज्ज्ञांच्या तपासणीतून गेलेलं. 'कॉमेंट' असेल तर कुणाचं तरी मत. 'करस्पॉन्डन्स' म्हणजे पत्रव्यवहार. 'एडिटोरिअल' म्हणजे संपादकांची भूमिका.

हा फरक न केल्यानं काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. मे २०२१मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, लॅन्सेटनं भारतावर संपादकीय लिहिलं. १ ऑगस्टपर्यंत भारतात १० लाख मृत्यू होतील असा आकडा त्यात होता. "लॅन्सेटचा अंदाज" म्हणून तो सगळीकडे फिरला. प्रत्यक्षात तो अमेरिकेतल्या आयएचएमई या संस्थेच्या गणिती प्रारूपाचा अंदाज होता आणि संपादकीयानं तो नुसता उद्धृत केला होता. आकडा कितपत बरोबर ठरला हा वेगळा मुद्दा. पण ज्याचा आकडा त्याचं नाव बातमीत असायलाच हवं, कारण वाचकाला पद्धत तपासायची झाली तर ती आयएचएमईकडे मिळणार, लॅन्सेटच्या संपादकीयात नाही.

दुसरी गल्लत भावंडांची. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ', 'लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी', 'लॅन्सेट रिजनल हेल्थ – साउथईस्ट एशिया', 'ई-क्लिनिकल मेडिसिन' ही सगळी एकाच घरातली, पण स्वतंत्र नियतकालिकं आहेत. बातमीत पूर्ण नाव द्या. शिवाय 'प्रीप्रिंट्स विथ द लॅन्सेट' अशी एक सोय आहे. तिथे चढवलेलं हस्तलिखित तज्ज्ञांच्या तपासणीतून गेलेलं नसतं, तरी वर लॅन्सेटचं नाव दिसतं. पानावर 'प्रीप्रिंट' हा शब्द दिसला तर सहसा थांबावं, आणि छापायचंच असेल तर पहिल्याच परिच्छेदात तसं सांगावं.

आता खुद्द संशोधन. एक चाचणी हातात घेऊन वाचू, म्हणजे क्रम लक्षात राहील. ऑगस्ट २०२३मध्ये लॅन्सेटमध्ये 'रॅशन्स' ही चाचणी छापून आली. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी ती झारखंडच्या चार जिल्ह्यांत केली. बातम्यांचे मथळे साधारण असे होते: "सकस आहाराने टीबी ४८ टक्क्यांनी घटतो". मथळा चूक नाही, पण त्यातून वाचकाला जे समजलं ते बऱ्याच अंशी चूक होतं.

लॅन्सेटमधल्या संशोधन लेखाचा सारांश पाच तुकड्यांत असतो: पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्षांचे आकडे, अर्थ आणि निधी. बहुतेक वाचक थेट चौथ्या तुकड्यावर जातात, कारण तो सोप्या भाषेत असतो. तोच शेवटी वाचायचा. पद्धत आणि आकडे आधी वाचून स्वतःचा अर्थ लावायचा, मग लेखकांचा अर्थ त्याच्याशी ताडून बघायचा. शेवटची निधीची ओळ कधीही सोडू नका. औषध कंपनीच्या पैशावर झालेली चाचणी म्हणजे खोटी असं नव्हे, पण बातमीत ते आलं पाहिजे. 'रॅशन्स'ला पैसा आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, टीबी संशोधन गटाकडून आला होता.

आकडे उतरवताना एक बारीक गोष्ट सांभाळा. लॅन्सेट दशांश चिन्ह खाली देत नाही, अंकाच्या मध्याच्या उंचीवर देतं. मजकूर कॉपी करून संगणकावर चिकटवताना ते टिंब कधी कधी गळतं आणि ०.६१चा ०६१ किंवा २.६चा २६ होतो. प्रत्येक दशांश मूळ पीडीएफशी डोळ्यांनी जुळवून घ्या.

पद्धतीत चार प्रश्नांची उत्तरं शोधायची. कोणाला दिलं, काय दिलं, कोणाशी तुलना केली, काय मोजलं.

कोणाला दिलं, इथेच 'रॅशन्स'च्या बातम्या घसरल्या. ही चाचणी रुग्णाला अन्न दिल्यानं रुग्ण बरा होतो का, यासाठी नव्हती. फुप्फुसाचा टीबी झालेल्या २,८०० रुग्णांच्या घरात राहणारी १०,३४५ माणसं हा तिचा विषय होता. रुग्णाच्या सोबत एका छपराखाली राहणाऱ्यांना पुढे टीबी होतो का, हे बघायचं होतं. त्यातले जवळपास दोन तृतीयांश संथाळ, हो, मुंडा, उरांव अशा आदिवासी समाजांतले होते आणि साधारण एक तृतीयांश कुपोषित होते.

काय दिलं? घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्म पोषणद्रव्यांच्या गोळ्या. लहान मुलांना त्याच्या निम्मं. लेखात हे दिवसाला ७५० किलोकॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं असं दिलं आहे. असा आकडा समोर आला की लगेच हिशेब करून बघावा. ५ किलो तांदूळ म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. तांदळाच्या १०० ग्रॅमला साधारण ३५० किलोकॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिनं धरली, तर ५८० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. दीड किलो डाळ म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम, त्यातून १७० किलोकॅलरी आणि ११ ग्रॅम. बेरीज ७५० आणि २३. जुळलं. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यातून नेमकं काय वाटलं गेलं ते कळतं आणि वाचकालाही किलोत सांगता येतं. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं. म्हणजे चाचणीतला शिधा साधारण तेवढाच आणि वर डाळ. महाराष्ट्रातल्या वाचकाला किलोकॅलरीपेक्षा हे लवकर कळेल.

कोणाशी तुलना केली? इथे माणसं सुटी सुटी वाटलेली नव्हती. २८ टीबी युनिटं (टीबी कार्यक्रमाचे स्थानिक विभाग) चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागली आणि एका गटातल्या घरच्यांना शिधा दिला, दुसऱ्यातल्यांना नाही. शेजारच्या दोन घरांपैकी एकाला तांदूळ आणि दुसऱ्याला काही नाही, असं करणं गावात शक्य नसतं, म्हणून ही समूहवार विभागणी. अशी विभागणी झाली की माणसं दहा हजार असली तरी स्वतंत्र एककं अठ्ठावीसच राहतात, आणि विश्लेषणात तसं धरलंय का हे बघावं लागतं. पद्धतीच्या भागात 'क्लस्टर', म्हणजे समूह, हा शब्द शोधा. तो नमुन्याच्या संख्येच्या हिशेबातही दिसला पाहिजे.

तुलनेच्या गटाला काहीच मिळालं नाही असंही नाही. दोन्ही गटांतल्या रुग्णांना स्वतःचा महिन्याचा १० किलोचा शिधा मिळत होता. घरात आलेलं अन्न एकटा रुग्ण खातो, असं आपल्याकडच्या घरांत होत नाही. त्यामुळे तुलनेच्या गटातल्या घरच्यांच्या पोटातही थोडं जादा अन्न गेलं असणार, आणि तसं असेल तर शिध्याचा खरा परिणाम चाचणीत दिसतो त्याहून थोडा जास्तच असू शकेल. हा माझा तर्क आहे, लेखातला निष्कर्ष नव्हे. असे दोन आवाज बातमीत वेगळे ठेवायचे.

काय मोजलं? पुढे टीबी झाला का. ३१ जुलै २०२२पर्यंत पाठपुरावा झाला. तांदूळ-डाळ मिळाली की नाही हे घरच्यांपासून आणि कार्यकर्त्यांपासून लपवता येत नाही, त्यामुळे निदान करणाऱ्याचा कल आकड्यांत उतरण्याची भीती असते. म्हणून लेखकांनी सगळ्या प्रकारचा टीबी आणि प्रयोगशाळेत जंतू सापडलेला फुप्फुसाचा टीबी असे दोन आकडे वेगळे दिले. दुसऱ्यावर माझा भर जास्त असतो, कारण थुंकीच्या तपासणीला शिधा कोणाला मिळाला हे माहीत नसतं.

आता आकडे. शिधा न मिळालेल्या गटात ४,७१२पैकी १२२ जणांना टीबी झाला, म्हणजे २.६ टक्के. शिधा मिळालेल्या गटात ५,६०२पैकी ९६, म्हणजे १.७ टक्के. लेखातली मुख्य ओळ सांगते की सर्व प्रकारचा टीबी ३९ टक्क्यांनी आणि जंतू सापडलेला फुप्फुसाचा टीबी ४८ टक्क्यांनी कमी झाला. तुम्ही स्वतः १.७ला २.६नं भागलंत तर घट ३४ टक्क्यांच्या आसपास येईल. घाबरू नका, लेख चुकलेला नाही. लेखकांनी पाठपुराव्याचा काळ आणि दोन गटांतले फरक हिशेबात धरून आकडा काढलाय. साध्या भागाकारात ते येत नाही. मात्र साधा भागाकार आणि दुरुस्त केलेला आकडा यांत जमीन-अस्मानाचं अंतर दिसलं, तर ते का आहे हे लेखात सापडलंच पाहिजे. नाही सापडलं तर मथळा देऊ नका.

३९ टक्के हे सापेक्ष प्रमाण झालं. वाचकाला खरं लागतं ते निव्वळ अंतर: दर हजार घरच्यांमागे २६ऐवजी १७ जणांना टीबी. हजारी नऊ माणसं वाचली. लेखकांनीच हेही दिलंय की एक टीबी टाळायला सुमारे ३० कुटुंबांना, म्हणजे १११ माणसांना शिधा द्यावा लागतो. माझ्या मते मथळ्याच्या योग्यतेचा आकडा हाच. तो कमी प्रभावी वाटेल अशी भीती बाळगू नका. एका टीबीमागे सहा महिन्यांचं औषध, बुडालेली मजुरी आणि घरातल्या पुढच्या माणसाला होणारी लागण असते. त्याच्या बदल्यात तीस घरांचा तांदूळ-डाळ हा सौदा स्वस्त आहे, आणि हे वाचकाला निव्वळ आकड्यांतूनच पटतं.

प्रत्येक आकड्याशेजारी कंसात आणखी दोन आकडे असतात. ३९ टक्के घट म्हणजे दोन गटांतल्या टीबीच्या दरांचं गुणोत्तर ०.६१, आणि त्याच्यापुढे ०.४३ ते ०.८५. या पट्ट्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. बातमीपुरतं इतकं लक्षात ठेवा: या माहितीशी सुसंगत परिणाम १५ टक्के घटीपासून ५७ टक्के घटीपर्यंत कुठेही असू शकतो. पट्ट्यात १ हा आकडा आला असता, तर काहीच परिणाम नाही ही शक्यताही शिल्लक राहिली असती. इथे पट्टा १च्या बराच अलीकडे संपतो. "३९ टक्के" असं ठाम लिहिण्यापेक्षा "सुमारे ४० टक्के" लिहिलेलं अधिक प्रामाणिक.

यानंतर लेखात एक चौकट शोधा, 'रिसर्च इन कॉन्टेक्स्ट' नावाची. लॅन्सेट घराण्यातल्या मूळ संशोधन लेखांत ती असते: आधी काय माहीत होतं, या अभ्यासानं काय भर घातली, आणि सगळा पुरावा एकत्र धरला तर काय करावं. वेळ दहा मिनिटंच असेल तर सारांश आणि ही चौकट, एवढं वाचा. मोठ्या लेखासोबत त्याच अंकात बहुधा एक 'कॉमेंट' असते, अभ्यासाबाहेरच्या तज्ज्ञानं लिहिलेली. अभ्यासाच्या मर्यादा साध्या शब्दांत हव्या असतील तर तिथे मिळतात.

त्याच वेळी 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये याच चाचणीतल्या रुग्णांवर दुसरा लेख आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. हा आकडा पहिल्याइतका भक्कम नाही, आणि याचं कारण आकड्यात दिसत नाही, रचनेत आहे. इथे सगळ्याच रुग्णांना शिधा मिळत होता, तुलनेला बिनशिध्याचा गट नव्हता. वजन वाढल्यामुळे माणूस वाचला, की औषध लागू पडलं म्हणून वजनही वाढलं आणि माणूसही वाचला, हे या रचनेतून वेगळं करता येत नाही. डॉक्टरला याचा उपयोग मोठा आहे: दोन महिन्यांनी काट्यावर वजन हललं नसेल तर तो रुग्ण धोक्यात आहे, त्याच्याकडे लगेच बघा. पण "वजन वाढवा, मृत्यू ६१ टक्क्यांनी टाळा" हे वाक्य लिहिता येत नाही. 'संबंध आढळला' आणि 'मुळे झालं' यांतला फरक बातमीत राखायचा तो इथे.

धोरणाशी जोडतानाही याच काळजीनं जोडा. टीबी रुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये जायचे, नोव्हेंबर २०२४पासून १,००० जातात. ही रक्कम रुग्णाला आहे. चाचणीत परिणाम दिसला तो घरच्यांना दिलेल्या धान्याचा. रोख पैशाचा परिणाम या चाचणीत तपासलेला नाही. "लॅन्सेटच्या अभ्यासानुसार योजनेमुळे टीबी निम्म्यावर" अशी वाक्यं मी वाचली आहेत. त्यांना आधार नाही. तसंच झारखंडचा निष्कर्ष नंदुरबार किंवा गडचिरोलीला लागू होण्याची शक्यता बरीच, कारण उपासमारीचं चित्र मिळतंजुळतं. मुंबईतल्या दाटीच्या वस्तीत, औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या ठिकाणी, तोच आकडा तसाच उचलू नये.

आता दुसरा सापळा, व्याख्येचा. भारतात मधुमेही किती? 'लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी'मध्ये २०२३ साली आयसीएमआर-इंडिॲब पाहणीनं उत्तर दिलं १०.१ कोटी. नोव्हेंबर २०२४मध्ये लॅन्सेटमध्येच एनसीडी-रिस्क या जागतिक गटानं उत्तर दिलं २१.२ कोटी. दीड वर्षात मधुमेही दुप्पट झाले, अशी बातमी यातून बनू शकते आणि ती साफ चुकीची असेल. पहिल्या पाहणीनं उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी मोजलेली साखर धरली. दुसऱ्या अभ्यासानं उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी, यांतलं काहीही मर्यादेपलीकडे असलं किंवा औषध चालू असलं तर मधुमेह मानला. एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज, पण तो हिमोग्लोबिनवर बेतलेला. लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असेल तर तो खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि आपल्याकडच्या बायकांत असा रक्तक्षय किती सर्रास आहे हे सांगायला नको. विदर्भात किंवा सातपुड्यात सिकलसेल असेल तर तीच चाचणी उलट्या दिशेनं फसवू शकते. दोन्ही अभ्यास नीट केलेले आहेत. मोजपट्टी वेगळी आहे, इतकंच.

याच इंडिॲबच्या आकड्यांवरून गोव्यात मधुमेह देशात सर्वाधिक, २६.४ टक्के, अशी बातमी आली. ती बरोबर आहे. पण शेजारच्या महाराष्ट्राशी तुलना करणारा तक्ता छापण्याआधी पद्धतीचा भाग वाचा. ही पाहणी २००८ ते २०२० अशी टप्प्याटप्प्यानं झाली. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता, गोवा नंतरच्या. म्हणजे दोन राज्यांच्या मोजणीत बरीच वर्षं मध्ये गेली आहेत. माहिती कधी गोळा केली ही तारीख आणि लेख छापल्याची तारीख वेगळ्या असतात. बातमीत दोन्ही द्याव्यात.

शेवटी, नावावर किती विसंबायचं? तपासणारे तज्ज्ञ हस्तलिखित वाचतात; कच्ची माहिती सहसा त्यांच्यासमोर नसते. मे २०२०मध्ये कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होतात असं सांगणारा, ९६,०३२ रुग्ण आणि ६७१ रुग्णालयांचा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेनं त्या औषधाची स्वतःची चाचणी काही काळ थांबवली. पण लेखात ऑस्ट्रेलियातले २१ एप्रिलपर्यंतचे मृत्यू ७३ दिले होते, आणि त्या तारखेपर्यंत अख्ख्या देशात नोंदलेले मृत्यू ६७ होते. सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीनं पुरवलेली माहिती कोणाला तपासू दिली गेली नाही आणि दोन आठवड्यांत, ४ जूनला, लेख मागे घेतला गेला. एका देशाचा आकडा सरकारी आकड्याशी ताडून बघणं, हे कोणत्याही बातमीदाराला जमणारं काम होतं. त्यानंतर लॅन्सेटनं एकापेक्षा अधिक लेखकांनी माहिती स्वतः बघून पडताळल्याचं लिहून द्यावं, असा नियम केला. लेखाच्या शेवटी लेखकांच्या कामाची वाटणी दिलेली असते, तिथे हे वाक्य शोधा. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा वेकफिल्ड यांचा १९९८चा लेख मागे घ्यायला मात्र २०१० उजाडलं. त्यात मुलं होती बारा आणि तुलनेला गटच नव्हता. पद्धतीचा भाग वाचणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी दिसत होतं.

म्हणून जुना अभ्यास पुन्हा वापरताना पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत त्याचं शीर्षक टाकून बघा. मागे घेतला असेल तर तिथे ठळक सूचना असते. बारीक दुरुस्त्या लॅन्सेट 'डिपार्टमेंट ऑफ एरर' या सदरात छापतं आणि त्या लेखाला जोडलेल्या असतात.

'रॅशन्स'ची बातमी मी अशी लिहीन: "झारखंडमध्ये टीबी रुग्णांसोबत राहणाऱ्या दहा हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत, महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ मिळालेल्या कुटुंबांत हजारी १७ जणांना टीबी झाला, न मिळालेल्या कुटुंबांत हजारी २६ जणांना. म्हणजे साधारण तीस कुटुंबांना शिधा दिला तर एक टीबी टळतो. चाचणीतली बहुसंख्य कुटुंबं आदिवासी होती आणि दर तिघांपैकी एक जण कुपोषित होता. २०१९ ते २०२२ दरम्यानची ही माहिती लॅन्सेटमध्ये ऑगस्ट २०२३मध्ये प्रसिद्ध झाली, निधी आयसीएमआरचा." टक्केवारी घालायचीच असेल तर यानंतरच्या परिच्छेदात, पट्ट्यासह.